हवाई बेटांवरील सामुदायिक बाग आणि अळूचे जुने वाण

अळू न पाहिलेला शेतकरी महाराष्ट्रात सापडणे कठीण. न्हाणीच्या सांडपाण्यावर, विहिरीकाठच्या ओलीवर किंवा केळीच्या बुंध्यालगत ते आपोआप वाढते. लग्नकार्यात त्याचे फदफदे होते, श्रावणात वड्या होतात, आणि एवढे झाले की पुढील प्रसंगापर्यंत त्याची कोणी वास्तपुस्त करीत नाही. त्यास पेरणी नको, खत नको, राखणही नको. यास्तव त्याला पीक म्हणण्याचीही शेतकऱ्याची सहसा तयारी नसते.

हेच अळू पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर 'कलो' या नावाने ओळखले जाते, आणि तेथील मूळ रहिवाशांच्या जेवणात त्याचे स्थान कोकणातील भाताचे किंवा देशावरील भाकरीचे आहे. या एका पिकाचे कित्येक वाण गेल्या दोनशे वर्षांत तेथून नाहीसे झाले. जे उरले आहेत, त्यांतील पुष्कळसे मोठ्या शेतांवर राखले गेलेले नाहीत. कुटुंबांच्या जुन्या खाचरांत, संग्रहालयांच्या व प्रयोग केंद्रांच्या वाफ्यांत, आणि गावकरी, विद्यार्थी व शेजारीपाजारी यांनी मिळून कसलेल्या सामुदायिक बागांत ते टिकून आहेत. या बागा कशा चालतात, त्यांत काय लावले जाते आणि त्यांच्यापुढे कोणत्या अडचणी येतात, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

होडीतून आलेली झाडे

हवाई बेटे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे २,४०० मैल दूर, भर समुद्रात आहेत. राजधानी होनोलुलू आणि आपले नागपूर ही जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात. मात्र तेथे नागपूरचा उन्हाळा नाही. बाराही महिने ईशान्येकडून समुद्रावरचे वारे वाहतात. हे वारे डोंगरांवर आदळून एका बाजूस भरपूर पाऊस पाडतात व दुसरी बाजू कोरडी ठेवतात. सह्याद्रीच्या एका अंगास कोकण व दुसऱ्या अंगास माणदेश असा जो प्रकार आपल्याकडे आहे, तोच तेथे फार थोड्या अंतरात दिसतो. होनोलुलूजवळच्या मानोआ दरीच्या माथ्याशी वर्षाकाठी दीडशे इंचांच्या आसपास पाऊस होतो, तर तेथून पाच-सहा मैलांवरील वायकीकीच्या किनाऱ्यावर पंचवीस इंचही पडत नाही.

या बेटांवर सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडील पॉलिनेशियन बेटांतून दर्यावर्दी लोक जोडहोड्यांतून आले. नव्या भूमीवर खावयास काय मिळेल याची शाश्वती नसल्याने त्यांनी सुमारे दोन डझन उपयुक्त वनस्पती बरोबर आणल्या होत्या. त्यांची यादी पाहिली तर कोकणातील एखाद्या परसाचीच यादी वाचीत आहोत, असे वाटते. कलो म्हणजे अळू. 'नियू' म्हणजे नारळ, 'माइआ' म्हणजे केळी, 'को' म्हणजे ऊस, 'ओलेना' म्हणजे हळद, 'उही' म्हणजे कोनफळ, 'इपू' म्हणजे तुंबडी भोपळा, 'नोनी' म्हणजे बारतोंडी, 'उलू' म्हणजे नीरफणस. रताळे मूळचे दक्षिण अमेरिकेतील. परंतु तेही युरोपीय लोक येण्यापूर्वीच हवाईत पोहोचलेले होते व तेथे त्यास 'उआला' म्हणतात. वल्कलांसाठी 'वाउके' नावाचे तुतीच्या कुळातील झाड, दिव्याच्या तेलासाठी 'कुकुई', आणि पाने गुंडाळण्यास व कुंपणास उपयोगी पडणारी 'की' ही झाडेही होडीतूनच आली.

होडीतून आणलेल्या या वनस्पतींपैकी बहुतेकांचे बी आणलेले नव्हते; आणले होते ते बेणे. उसाच्या कांड्या, केळीचे मुनवे, हळदीचे गड्डे, नीरफणसाच्या मुळांवरील फुटवे आणि अळूची शेंडे-बेणी खाऱ्या पाण्यापासून जपत आठवडेच्या आठवडे समुद्रावरून नेली गेली. ज्वारीचे बी कणगीत घालून दोन वर्षे ठेवता येते. एखाद्या हंगामात पेरणी हुकली तरी वाण जात नाही. अळूचे तसे नाही. त्यास फूल क्वचित येते, बी धरणे त्याहून दुर्मीळ, आणि बी धरलेच तरी त्यापासून निघणारे रोप आईसारखे असेलच असा भरवसा नाही. जो वाण या वर्षी जमिनीत नाही, तो पुढल्या वर्षी असणारही नाही. हवाईतील सामुदायिक बागांचे सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे.

थोरला भाऊ

हवाई लोकांच्या आदिकथेत आकाशपिता वाकेआ याचे पहिले अपत्य मृत जन्मले. ते घराजवळ पुरले असता त्या जागी कलोचे पहिले रोप उगवले. त्यानंतर जन्मलेला दुसरा मुलगा हालोआ हा मनुष्यजातीचा पूर्वज ठरला. म्हणजे कलो हा माणसाचा थोरला भाऊ. थोरल्याने धाकट्यास जेवू घालावे आणि धाकट्याने थोरल्याची सेवा करावी, अशी ही समजूत आहे. मुख्य कंदास तेथे 'माकुआ' म्हणजे पालक म्हणतात, व त्याच्या बगलेत फुटणाऱ्या पिलास 'ओहा'. कुटुंबास जो 'ओहाना' शब्द आहे, तो या 'ओहा'वरूनच आलेला आहे.

शेतीच्या लेखात ही कथा कशासाठी, असे कोणी म्हणेल. परंतु ती लक्षात घेतल्यावाचून एका पिकासाठी शहरातील नोकरदार मनुष्य शनिवारी सकाळी गुडघाभर चिखलात का उतरतो, याचा उलगडा होत नाही. आणि पुढे सांगितलेले पेटंटचे प्रकरणही समजत नाही.

१७७८ मध्ये कॅप्टन कुक तेथे पोहोचला. त्यानंतर देवी, गोवर इत्यादी नव्या रोगांनी वस्ती झपाट्याने घटली. काही लाखांच्या घरात असलेले हवाई लोक १८९० च्या खानेसुमारीत सुमारे ४० हजार उरले. वाण ओळखणारा, लावणारा व राखणारा हातच गेल्यावर वाण कोठून राहणार? पूर्वी अळूचे तीनशेच्या आसपास प्रकार होते, असे मानले जाते. त्यात उसाच्या मोठ्या मळ्यांनी ओढ्यांचे पाणी बोगद्यांतून व कालव्यांतून वळवून नेले, आणि पाण्यावाचून खाली असलेली अळूची खाचरे कोरडी पडली. वायकीकीचे सध्याचे हॉटेलांनी भरलेले मैदान एके काळी अळूची खाचरे व मत्स्यतळी यांनी व्यापलेले होते. १९२० च्या दशकात तेथे आला वाई कालवा खणून ती दलदल कोरडी करण्यात आली.

प्रयोग केंद्राची पुस्तिका

या घसरणीच्या काळातही एक काम चांगले झाले, व ते विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. हवाईच्या कृषी प्रयोग केंद्राने बेटोबेटी हिंडून अळूचे वाण गोळा केले, ते एके ठिकाणी लावून ताडून पाहिले, आणि १९३९ साली ८४ क्रमांकाची पुस्तिका प्रसिद्ध केली. व्हिटनी, बॉवर्स व ताकाहाशी हे तिचे लेखक. योगायोग असा की, पुस्तिकेत वर्णन केलेल्या वाणांची संख्याही ८४ च आहे. देठाचा रंग, देठाच्या कडेवरील रेघ, देठ पानास मिळतो तेथील ठिपका, पानाचा आकार, कंदाच्या गराचा रंग अशा खुणांवरून प्रत्येक वाण कसा ओळखावा, हे तीत दिले आहे. 'मानिनी' गटातील वाणांच्या देठावर त्याच नावाच्या माशासारखे पट्टे असतात. 'आपुवाई'चे पान द्रोणासारखे असून त्यात पाणी साठते. 'पिको' गटातील पानाची खाच थेट देठाच्या सांध्यापर्यंत जाते. 'माना' गटातील कंद शेंड्याशी फाटून त्याच्या शाखा होतात.

अशी पुस्तिका त्या वेळी कोणास फारशी महत्त्वाची वाटली नसेल. तथापि चाळीस वर्षांनी, जेव्हा तरुण मंडळी जुने वाण शोधू लागली, तेव्हा कोणते मिळाले व कोणते गेले याचा पडताळा घेण्यास हीच पुस्तिका उपयोगी पडली.

कानेवाई येथील बाग

मानोआ दरीत हवाई विद्यापीठाचे आवार आहे. १९८० साली हवाई भाषा शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांस आवाराच्या कडेला, मानोआ ओढ्याच्या काठच्या झाडोऱ्यात एक जुना पाट आढळला. दरीतील अळूची शेती मोडल्यानंतर तो बुजून गेला होता. भाषा शिकावयाची तर ज्या कामातून तिचे शब्द आले ते कामही शिकले पाहिजे, या भावनेने त्यांनी पाट उपसला, झाडोरा काढला व खाली खाचरे तयार केली. तरुणांपाशी उत्साह होता, परंतु बांध कसा घालावा व पाणी किती सोडावे हे पुस्तकात सापडत नव्हते. माउई बेटावरील केआनाए येथे अळूची शेती अखंड चालत आली आहे. तेथील हॅरी कुनिही मिचेल यांच्यासारख्या जुन्या, अनुभवी शेतकऱ्यांनी येऊन त्यांस ते दाखविले.

आरंभी विद्यापीठाच्या दृष्टीने ही जागा म्हणजे केवळ मोकळी पडलेली जमीन होती. पुढे ती विद्यापीठाच्या हवाई ज्ञानशाखेचा भाग झाली. हवाई अळूचे साठाच्या घरातील वाण तेथे सांभाळले गेले आहेत. वर्षानुवर्षे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तेथे श्रमदान होत आले आहे. त्यात विद्यार्थी येतात, शाळेची मुले येतात, आसपासची कुटुंबे येतात. मजुरी कोणास नाही. काम झाल्यावर एकत्र जेवण होते, आणि ज्यास आपल्या परसात लावावयाचे असेल त्यास बेणे मिळते.

सामुदायिक बाग म्हटली की प्रत्येकास एक वाफा नेमून देण्याची पद्धत प्रथम डोळ्यांपुढे येते. होनोलुलू शहराच्या उद्यान खात्याच्या बागा तशाच आहेत, व त्यांतही वाफेधारक हौसेने हळद, की, रताळे अशी झाडे लावतात. परंतु पाण्याखालील अळूस ही पद्धत जुळत नाही. एका खाचरातले पाणी पुढील खाचरात उतरते. वरच्याने बांध फोडला तर खालच्याचे बुडते, वरच्याने तण वाढू दिले तर बी खाली वाहून येते. त्यामुळे कानेवाईसारख्या ठिकाणी जमीनही सामाईक आणि कामही सामाईक आहे. धुळे-नाशिककडील फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे, त्यांस यातील मर्म सांगावयास नको.

लागवडीची रीत

बेण्यास हवाई भाषेत 'हुली' म्हणतात. कंद काढल्यावर शेंड्याकडील अर्धा इंच जाडीची चकती व तिच्यावरील देठ एवढा भाग कापून घेतात. पाने छाटून देठ आठ ते बारा इंच ठेवतात. खालचा कंद खाण्यास जातो व वरचे बेणे पुन्हा जमिनीत. कापलेली जागा सावलीत एक-दोन दिवस सुकू दिली तर कुजण्याचे भय कमी होते. बगलेतील पिलेही बेणे म्हणून चालतात, मात्र ती जोमदार असावीत. बेणे निरोगी झाडाचेच घ्यावे, त्यावरील माती, जुनी मुळे व सुकलेले देठ धुऊन टाकावेत, हा नियम तेथील अनुभवी लोक कटाक्षाने पाळतात.

खाचराची चिखलणी पूर्वी पायांनी करीत. नवे खाचर घातले की गावातील लहानथोर सर्वजण त्यात उतरून, गात, एकमेकांवर चिखल उडवीत तळ तुडवीत असत. तळ घट्ट झाला म्हणजे पाणी जिरत नाही. कुकुई व इतर झाडांचा हिरवा पाला याच वेळी चिखलात तुडवून दाबतात. दीड ते दोन फूट अंतरावर बेणे चिखलात दोन-चार इंच खोल रोवतात. करपा वारंवार येत असेल तर अंतर वाढवावे.

खरी मेख पाण्यात आहे. अळूस पाणी हवे, पण साचलेले नव्हे. थंड, वाहते पाणी एका बाजूने आत आले पाहिजे व दुसऱ्या बाजूने बाहेर गेले पाहिजे. पाणी साचून तापू लागले, सत्तावीस अंश सेल्सिअसच्या वर गेले, म्हणजे पिथियम बुरशीमुळे कंद कुजू लागतो. वरून पान हिरवे दिसते आणि उपटल्यावर हाती मऊ, दुर्गंधी लगदा येतो. नवख्या बागांचे पहिले पीक बहुधा याच कारणाने जाते. सुस्त पाण्याकडे कोणाचे लक्ष नसते. जुन्या रिवाजाप्रमाणे ओढ्यातील निम्म्याहून अधिक पाणी पाटात घेऊ नये, आणि खाचरातून निघालेले पाणी पुन्हा ओढ्यास मिळवावे. हवाई भाषेत पाण्याला 'वाई' म्हणतात व संपत्तीला 'वाईवाई'. (कृष्णाकाठच्या वाईशी याचा संबंध जोडण्याचा मोह कोणास झाला तर तो आवरावा.)

जेथे ओढा नाही तेथे अळू कोरड्यातही घेतात. शहरातील वाफ्यांत हीच पद्धत सोयीची पडते. जमिनीत कंपोस्ट खत घालून, गवताचे किंवा पाल्याचे जाड आच्छादन देऊन व नियमित पाणी देऊन पीक घेता येते. मात्र सर्वच वाण कोरड्यात सारखे येत नाहीत. वाणानुसार नऊ ते चौदा महिन्यांत कंद तयार होतो. मधल्या काळात पाने बेताने खुडून भाजीस घेतात.

अळू घशास खाजवते याचे कारण त्यातील कॅल्शिअम ऑक्झॅलेटचे सूक्ष्म, सुईसारखे कण. आपल्याकडे चिंच किंवा आंबट चुका घालून ती खाज मारतात. हवाईत कंद व पाने दीर्घकाळ वाफवितात. वाफविलेला कंद सोलून लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटला म्हणजे घट्ट गोळा होतो, त्यास 'पाई आई' म्हणतात. त्यात पाणी मिसळले की 'पोई' होते. ती थोडी आंबली तरी बिघडत नाही. लहान मुलाचे पहिले अन्नही बहुधा तीच. पाट-बत्त्यावर कुटलेली पोई विकण्यास आरोग्य खात्याच्या नियमांची मोठी आडकाठी होती. लोकांनी खटपट केल्यावर २०११ साली कायदा करून ती सैल करण्यात आली. त्यामुळे लहान उत्पादकास बाजार मिळाला.

वाण मिसळू न देणे

एक वाण लावणे सोपे आहे. साठ वाण साठ म्हणून राखणे कठीण. खाचरात एका वाणाचे पिलू शेजारच्या रांगेत शिरले, किंवा गोगलगायी काढताना पाटी पडून वाहून गेली, तर पुढील लावणीस घोटाळा होतो. श्रमदानास दर खेपेस नवे लोक येतात. त्यांस सर्वच अळू सारखे दिसते. म्हणून प्रत्येक वाण बांधाने किंवा मोकळ्या पट्ट्याने वेगळा ठेवणे, कोणता वाण कोठे आहे याचा नकाशा कागदावर ठेवणे, आणि काढणी व पुनर्लावणी जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करणे, एवढे तरी पथ्य पाळावे लागते. पाटीवर विसंबू नये. देठाची रेघ व पानाचा ठिपका पाहून खात्री करावी.

दुसरी खबरदारी म्हणजे एकच वाण एकाच बागेत न ठेवणे. पूर, रोग किंवा नुसती हयगय यांनी एखादी बाग एका वर्षात रिकामी होऊ शकते. तेच वाण चार ठिकाणी असले तर पुन्हा मागून आणता येतात. मोलोकाई बेटावरील विद्यापीठाच्या विस्तार केंद्राने वाणांचा संग्रह लावून शेतकरी मेळावे भरविले व तेथे येणाऱ्यांस बेणे वाटले, ते याच हेतूने. वाण वाटल्याने कमी होत नाही. कुलूप लावून ठेवल्याने मात्र तो जाण्याचा संभव वाढतो.

तथापि बेणे वाटताना रोगही वाटला जातो. फायटोफ्थोरा बुरशीचा करपा अळूच्या पानांवर पाणचट, तपकिरी वर्तुळे पाडतो व दमट रात्री झपाट्याने पसरतो. १९९३ मध्ये सामोआ बेटांवर याच रोगाने अळूचे पीक जवळजवळ नष्ट केले. हवाईत तो विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून आहे. रोगट पाने काढून नष्ट करणे, अंतर वाढविणे व दूषित बेणे न नेणे हे उपाय आहेत. पण मुसळधार पावसात त्यांची मर्यादा लवकरच कळून येते. त्याहून मोठा उपद्रव पाण्यातील मोठ्या गोगलगायीचा. १९८९ च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून ही गोगलगाय हवाईत आणली गेली आणि पाटापाटाने सगळीकडे पसरली. ती कोवळे बेणे व कंद कुरतडते, आणि देठांवर व बांधाच्या दगडांवर गुलाबी अंड्यांचे घोस घालते. ती हाताने वेचावी लागते, अंडी चिरडावी लागतात, पाणी आत येते तेथे जाळी बसवावी लागते. काही ठिकाणी बदकेही सोडतात. जेथे दर आठवड्यास वेचणारे हात आहेत तेथे ती आटोक्यात राहते, एरवी नाही.

कडेची झाडे

अळूचे खाचर मध्ये असले तरी बांधावर व कडेला इतर झाडांस जागा असते. हवाईचा जुना ऊस जाड, मऊ व रसाळ. आपल्याकडील पुंड्या उसाच्या जातकुळीतला. पट्टेदार, जांभळे, हिरवे असे त्याचे कित्येक वाण आहेत. मळेवाल्यांनी संकरित ऊस आणल्यावर ज्या बेटांवर उसाचे समुद्र पसरले होते, तेथेच मूळचा ऊस शोधून गोळा करावा लागला, ही विचित्र गोष्ट खरी आहे. कोहाला भागातील जुन्या जिरायत शेतांत मातीच्या बांधांवर ऊस लावून त्याच्या आडोशाने रताळी घेत असत. वारा अडे व दवही अडून राही.

वाउकेची लागवड थोड्या शिस्तीची असते. त्याच्या सालीपासून 'कापा' नावाचे वस्त्र करतात. साल अखंड हवी, म्हणून बगलेतील प्रत्येक डोळा कोवळा असतानाच खुडून टाकावा लागतो. एक फांदी राहिली तर तेथे वस्त्रास भोक पडते. ओलेना, म्हणजे हळद, रंगासाठी, औषधासाठी व शुद्धीसाठी वापरतात. मीठपाण्यात हळद कालवून शिंपडण्याचा त्यांचा विधी आपल्याकडील कोणासही अपरिचित वाटणार नाही. नीरफणसास मात्र सामुदायिक बागेत विचार करून जागा द्यावी. झाड मोठे होते, सावली धरते, आणि अळूच्या खाचरावर सावली पडली की कंद पोसत नाही.

पाणी आणि हक्क

ओआहू बेटाच्या कोरड्या पश्चिम अंगास वायआनाए येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस एरिक एनोस व तेथील तरुणांनी डोंगरउतारावर गवताखाली दडलेल्या जुन्या खाचरांच्या दगडी भिंती शोधून काढल्या. भिंती होत्या, जमीन होती, बेणेही मिळण्यासारखे होते. नव्हते ते पाणी. मळ्यांच्या काळात ते वळविले गेले होते. त्यांनी डोंगरातून नळ टाकून ओढ्याचे पाणी आणले, तेव्हा कआला येथील बाग उभी राहिली.

सर्वत्र एवढ्यावर भागले नाही. वायआहोले खोऱ्याचे पाणी डोंगर पोखरून पलीकडच्या उसास नेले जात असे. तो ऊस बंद झाल्यावर पाणी कोणाचे, हा वाद न्यायालयात गेला. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली पाणी हा लोकांचा विश्वस्त ठेवा आहे, हे तत्त्व उचलून धरले. पूर्व माउईतील ओढ्यांचा प्रश्न त्याहून लांबला. तेथील मोठ्या साखर कंपनीने २०१६ साली शेवटचा ऊस गाळला, व २०१८ साली जल आयोगाने अनेक ओढ्यांचे पाणी पुन्हा त्यांच्या पात्रात सोडण्याचा आदेश दिला. अळूचे एक खाचर पुन्हा भरण्यासाठी किती कागदपत्रे लागली, याचा हिशेब शेतकऱ्याने करू नये हे बरे.

वाणांच्या मालकीवरूनही वाद झाला. हवाई विद्यापीठाने हवाईचा एक वाण व पलाऊ बेटावरील एक वाण यांचा संकर करून करप्यास तोंड देणारे तीन नवे वाण काढले व २००२ साली त्यांवर पेटंट घेतले. रोगास दाद न देणारा वाण काढणे हे कृषिशास्त्रज्ञाचे कर्तव्यच होय. त्यात दोष काढता येणार नाही. परंतु थोरल्या भावाचा मालक कोणी कसा होऊ शकतो, असा सवाल करीत अळू उत्पादक व विद्यार्थी विद्यापीठाच्या दारात उभे राहिले. २००६ साली विद्यापीठाने पेटंटवरील हक्क सोडून दिले. २००८ साली कलो ही हवाई राज्याची अधिकृत वनस्पती झाली.

खाण्यासाठी की जतनासाठी?

हवाईत खाल्ल्या जाणाऱ्या अन्नापैकी ८५ ते ९० टक्के अन्न बाहेरून जहाजाने येते, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. सामुदायिक बागांनी ही तूट भरून निघेल असे कोणी समजत असेल तर ती समजूत चुकीची आहे. पोईचा भाव तांदळाहून पुष्कळ जास्त असतो, आणि अळूची व्यापारी लागवडही आज काही शेकडो एकरांचीच आहे. परंतु प्रश्न केवळ वजनाचा नाही. वायआनाए येथील आरोग्य केंद्रात २० हवाई व्यक्तींस २१ दिवस अळू, रताळी, पालेभाज्या, फळे, मासे असा जुना आहार पोटभर दिला गेला; त्यांचे वजन सरासरी ७.८ किलोने घटले व रक्तातील कोलेस्टेरॉलही उतरले. हे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. मधुमेह व हृदयविकार यांनी त्रस्त झालेल्या समाजात या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. होनोलुलूच्या कालिही दरीत तर एका लोकदवाखान्यानेच सरकारी मालकीची १०० एकर जमीन कसावयास घेतली. तेथे हवाई लोकांबरोबर सामोआ, मायक्रोनेशिया व फिलिपाईन्समधून आलेली कुटुंबेही आपापल्या ओळखीची झाडे लावतात, व औषध घेण्यास आलेला रोगी कधीकधी कुदळ हाती घेतो.

असे काम आरंभणाऱ्या बहुतेक बागांची अडचण पहिल्या वर्षात येत नाही. ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. लावणीस शंभर माणसे जमतात, पण चौथ्या महिन्यातील तणास पाचही मिळत नाहीत. जेथे महिन्याचा दिवस ठरलेला आहे, जेवणाची सोय आहे, आणि पाण्याकडे रोज पाहणारा एक तरी माणूस जवळपास राहतो, तेथेच बागा टिकल्या आहेत. हा माणूस पगारी असो वा नसो, त्याच्यावाचून चालत नाही. कारण रात्री ओढ्यास लोंढा येऊन पाटाचे तोंड कचऱ्याने बुजले तर पुढच्या शनिवारपर्यंत वाट पाहता येत नाही.

काढणीच्या दिवशी कंद उपटून ओढ्याच्या पाण्यात धुतात. एकजण सुरीने शेंडा कापून बेणे एकीकडे टाकीत जातो. कंद टोपल्यांत भरून उकडण्यास जातात. दुपारचे जेवण होते. मग वाणावाणाचे गठ्ठे वेगळे बांधले जातात. काही बाहेरून आलेल्यांच्या गाड्यांत ठेवले जातात, आणि उरलेले दोन दिवसांनी रोवण्यासाठी बांधावरच्या सावलीत उभे करून ठेवतात.